‘साइट उघडत नाही’ म्हणून संगणक फॉरमॅट करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा, सार्वजनिक वाचनालये, पतसंस्था, मोठ्या गृहनिर्माण सोसायट्या यांच्या ऑफिसात हल्ली एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर घरचीच वेबसाइट चालवलेली दिसते. वाचनालयात पुस्तकांची यादी, शाळेत सूचना आणि वेळापत्रक, सोसायटीत देखभाल खर्चाचा हिशेब. झॅम्प नावाचे, साइट चालवायला लागणारे सगळे प्रोग्रॅम एकत्र देणारे मोफत पॅकेज टाकले, त्यावर वर्डप्रेस हे साइट बनवायचे सॉफ्टवेअर चढवले की काम सुरू. होस्टिंगचे वार्षिक भाडे वाचते, नेट गेले तरी इमारतीच्या आत साइट चालते आणि सभासदांची माहिती बाहेर जात नाही. सोय चांगली आहे. पण एखाद्या सोमवारी ती साइट उघडत नाही, किंवा उघडते ती अर्धवट, आणि दुरुस्तीला आलेला मुलगा पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे क्लिक करून सांगतो, “मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल.” मॅडम हो म्हणतात. डेटाबेस सी ड्राइव्हवर झॅम्पच्याच फोल्डरात असतो, त्याची वेगळी प्रत कोणी घेतलेली नसते, आणि वर्षानुवर्षांच्या देवघेवीच्या नोंदी त्या एका ‘हो’बरोबर पुसल्या जातात.

चीड याची येते की बहुतेक वेळा साइटला काहीच झालेले नसते. संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता बदललेला असतो, एखादी सेवा सुरू झालेली नसते, नाहीतर फायरवॉलने, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विनंत्या अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्याने, दार लावून घेतलेले असते. हे ओळखायचे कसे आणि दुरुस्त करायचे कसे, ते जरा तपशिलात लिहितो. कमांड आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच ती इंग्रजीत टाइप करावीत.

सुरुवात ‘नेमकी कुठे उघडत नाही’ या प्रश्नापासून करावी. साइट ज्या संगणकावर आहे त्याच्याच ब्राउझरमध्ये आधी ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हाच संगणक’) टाकून पाहावे. मग त्याच संगणकावर त्याचा आकडी पत्ता टाकावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. मग त्याच वायफायवरच्या मोबाइलवर तोच आकडी पत्ता. लोकलहोस्टवरच साइट येत नसेल तर राऊटर, वायफाय, मोबाइल यांना हात लावू नये. दुखणे झॅम्पमधल्या अपाचीचे (पाने पुरवणारा प्रोग्रॅम) किंवा मायएसक्यूएलचे (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम) आहे. लोकलहोस्टवर येते पण त्याच संगणकावर आकडी पत्त्याने येत नाही, तर तो आकडा बहुधा आता त्या संगणकाचा राहिलेला नाही. त्या संगणकावर दोन्ही प्रकारे येते आणि फक्त मोबाइलवर येत नाही, तर अपाची ठणठणीत आहे, अडथळा वाटेत आहे.

हा क्रम उलटा करू नये. मोबाइलवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले की ‘टाइम्ड आउट’ आले, यावरून निदान करण्याची एक पद्धत आहे. लिनक्सच्या सर्व्हरवर ती बऱ्यापैकी लागू पडते: तत्काळ नकार आला तर संगणक जागेवर आहे पण पोर्टवर, म्हणजे विनंत्या घेण्याच्या क्रमांकित दारावर, कोणी ऐकत नाही. विंडोजवर मात्र ती फसवते. विंडोजची फायरवॉल बंद पोर्टवर आलेल्या विनंतीला नकारसुद्धा देत नाही, सरळ गिळून टाकते. त्यामुळे अपाची बंद असो की फायरवॉल आडवी आलेली असो, मोबाइलवर चक्र फिरत राहते आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’च येते. पिंगचेही, म्हणजे दुसऱ्या संगणकाला ‘आहेस का’ विचारणाऱ्या कमांडचेही, तेच. पिंगला उत्तर आले नाही म्हणजे संगणक मेला असे समजू नका; विंडोज कित्येकदा पिंगला उत्तर देत नाही आणि साइट मात्र व्यवस्थित देते.

आता पत्त्याकडे येऊ. राऊटर प्रत्येक उपकरणाला आकडी पत्ता देतो तो मुदतीवर देतो. वीज गेली, राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की कालचा ५० क्रमांक आज एखाद्या शिक्षकाच्या मोबाइलला मिळालेला असू शकतो. संगणकाचा सध्याचा आकडा पाहायला कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’ द्यावे आणि ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ ही ओळ वाचावी. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर संगणकाला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल, तिचे प्लॅस्टिकचे टोक आणि स्विचवरचा दिवा तपासा. पूर्वीपेक्षा वेगळा आकडा दिसला तर साइट गेलेली नाही, तिने घर बदलले आहे. नेट कंपनी बदलल्यावर तर हे हमखास होते. जिओफायबरचा राऊटर १९२.१६८.२९ या मालिकेतले आकडे देतो, इतर अनेक राऊटरांत ही मालिका १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० असते. नवा राऊटर भिंतीवर चढला की भिंतीवरच चिकटवलेला साइटचा जुना पत्ता त्या क्षणी निरुपयोगी होतो.

कायमचा उपाय म्हणजे राऊटरच्या सेटिंगमध्ये त्या संगणकाच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला) एक आकडा राखून ठेवणे. राऊटरनुसार याला ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ म्हणतात. यात एक मेख आहे: संगणकाच्या लॅन कार्डाचा आणि वायफायचा मॅक ॲड्रेस वेगवेगळा असतो. आरक्षण केबलसाठी केले आणि नंतर कोणी केबल काढून संगणक वायफायला जोडला, की आरक्षण लागू होत नाही. सर्व्हर म्हणून वापरायचा संगणक केबलवरच ठेवावा हे उत्तम. राऊटरमध्ये ही सोय नसेल तर विंडोजमध्ये हाताने आकडा घालावा, पण तो राऊटर वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा हवा. राऊटर १०० ते २०० वाटत असेल तर ५० घ्या, १५० नको. पट्ट्यातला आकडा घेतला तर कधीतरी तोच आकडा दुसऱ्या कोणाला दिला जातो आणि साइट ‘कधी उघडते, कधी नाही’ असा सगळ्यात छळणारा प्रकार सुरू होतो. हाताने घालताना सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणून राऊटरचा आकडा आणि डीएनएससुद्धा (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर) भरावा. डीएनएस रिकामा राहिला तर साइट चालेल पण त्या संगणकावरचे नेट बंद पडेल, आणि दोष पुन्हा साइटवर येईल.

साइट अर्धवट उघडते तेव्हा लोक सर्वांत जास्त गोंधळतात. मोबाइलवर पान येते, पण कसे? पांढऱ्या पाटीवर काळा मजकूर, मेनूच्या जागी एकाखाली एक निळ्या अधोरेखित ओळी, बोधचिन्हाच्या जागी फाटक्या चित्राची खूण, रंग नाही, रचना नाही. एखाद्या निळ्या ओळीवर बोट ठेवले की ‘साइट सापडत नाही’. हे पाहून ‘थीम करप्ट झाली’ असा निकाल दिला जातो. थीम करप्ट झालेली नसते. वर्डप्रेस आपला पत्ता डेटाबेसमध्ये लिहून ठेवते आणि स्टाइलच्या फाइली, चित्रे, दुवे यांपुढे तोच पूर्ण पत्ता जोडते. साइट बसवताना तो ‘लोकलहोस्ट’ असा नोंदला गेला असेल तर मोबाइल पानाचा मजकूर १९२.१६८.१.५० वरून आणतो, पण स्टाइलची फाइल आणायला लोकलहोस्टकडे जातो. आणि मोबाइलच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे तो मोबाइल स्वतःच. तिथे फाइल कुठून असणार? सर्व्हरच्या संगणकावर मात्र लोकलहोस्ट बरोबर जागी नेते, म्हणून ‘इथे तर नीट दिसतेय’ असे उत्तर मिळते. दोघेही खरे बोलत असतात.

खातरजमा करायला दुसऱ्या एखाद्या संगणकावर साइट उघडून एफ१२ दाबावे, ‘नेटवर्क’ हा टॅब निवडावा आणि कंट्रोल-एफ५ने पान पुन्हा आणावे. लाल रंगात आलेल्या ओळींवर क्लिक केले की ‘रिक्वेस्ट यूआरएल’ दिसते. त्यात लोकलहोस्ट किंवा जुना आकडा दिसला की निदान झाले. पत्ता बरोबर आहे पण पुढे ४०४ आहे, तर फाइल जागेवर नाही. ५०० आहे, तर पीएचपीत, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिच्या कोडमध्ये, चूक आहे आणि ती अपाचीच्या एरर लॉगमध्ये लिहिलेली सापडेल. या एका टॅबमधून जे कळते ते दहा जणांना विचारून कळत नाही, तरी तो उघडणारे फार थोडे.

दुरुस्ती अशी. पीएचपीमायॲडमिनमध्ये (झॅम्पसोबत येणारे डेटाबेस हाताळायचे पान) साइटचा डेटाबेस उघडून ‘डब्ल्यूपी_ऑप्शन्स’ या तक्त्यात ‘साइटयूआरएल’ आणि ‘होम’ या दोन ओळींत नवा पत्ता घालावा. त्याआधी डेटाबेसची प्रत निर्यात करून घ्यावी. डेटाबेसला हात लावायचा नसेल तर ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘डब्ल्यूपी_होम’ आणि ‘डब्ल्यूपी_साइटयूआरएल’ या दोन व्याख्या लिहिता येतात. त्या डेटाबेसमधल्या नोंदीवर मात करतात. एवढ्याने रंगरूप परत येते. लेखांच्या आत घातलेली जुनी चित्रे तरीही येणार नाहीत, कारण त्यांचे पत्ते मजकुरात पूर्णपणे लिहिलेले असतात. तिथे उत्साहाच्या भरात डेटाबेसची निर्यात केलेली एसक्यूएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘फाइंड-रिप्लेस’ करू नये. वर्डप्रेस आणि त्याची प्लगइन बऱ्याच सेटिंग अशा स्वरूपात साठवतात की मजकुराच्या आधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते. ‘लोकलहोस्ट’ इंग्रजीत ९ अक्षरांचे आणि ‘१९२.१६८.१.५०’ १२ चिन्हांचे. मजकूर बदलला, आकडा तोच राहिला, की ती सेटिंग वाचताच येत नाही आणि विजेट, मेनू गायब होतात. यासाठी ‘बेटर सर्च रिप्लेस’सारखे प्लगइन किंवा वर्डप्रेसची कमांड-लाइन वापरावी, दोन्ही लांबीचा हिशेब आपोआप सांभाळतात.

पत्ता दुरुस्त केल्यावरही एखाद्याच ब्राउझरमध्ये जुनाच पत्ता उघडत राहिला तर खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, पाहावे. कायमस्वरूपी वळवणीचा ३०१ हा आदेश ब्राउझर लक्षात ठेवतो आणि सर्व्हरला न विचारताच जुन्या जागी जातो. आकड्याऐवजी नाव वापरायचे असेल तर शेवटी ‘डॉट टेस्ट’ असलेले घ्यावे. ते अशाच वापरासाठी राखून ठेवलेले आहे. ‘डॉट डेव्ह’ मुळीच नको. डिसेंबर २०१७ पासून क्रोम त्या नावांवर एचटीटीपीएसची सक्ती करते आणि साधी स्थानिक साइट उघडूच देत नाही.

पुढचा अडथळा फायरवॉलचा. राऊटर बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नवे नेटवर्क असते आणि नव्या नेटवर्कला ती सहसा ‘पब्लिक’ धरते. झॅम्प पहिल्यांदा सुरू करताना आलेल्या खिडकीत फक्त ‘प्रायव्हेट’ला परवानगी दिलेली असेल तर अपाची एकाएकी बाहेरच्यांना दिसेनासा होतो. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जाऊन त्या जोडणीचा प्रकार ‘प्रायव्हेट’ करावा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. न भागल्यास फायरवॉलच्या ‘इनबाउंड रूल्स’मध्ये ‘अपाची एचटीटीपी सर्व्हर’ या नावाच्या ओळी पाहाव्यात. त्या पहिल्या खिडकीत कोणी ‘कॅन्सल’ दाबले असेल तर विंडोजने मनाईचा नियम करून ठेवलेला असतो, आणि मनाई आणि परवानगी दोन्ही असतील तर मनाईच चालते. लाल खुणेचा तो नियम काढून टाकावा. सगळी फायरवॉलच बंद करणे हा उपाय नव्हे. ऑफिसात पेनड्राइव्ह कुठून कुठून येतात हे सर्वांना ठाऊक आहे.

फायरवॉल ठीक असूनही मोबाइलवर येत नसेल तर तो ‘गेस्ट’ वायफायवर नाही ना, हे पाहावे. गेस्ट नेटवर्कवरच्या उपकरणांना आतले संगणक दिसू नयेत अशीच योजना असते. काही राऊटरांत ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ असा पर्यायही असतो. तो चालू असला की वायफायवरची उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत. त्याहून फसवा प्रकार खेड्यातल्या शाळांत होतो. नेट बंद पडते, अँड्रॉइडला वायफायवर इंटरनेट मिळत नाही, म्हणून तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो. वायफायची खूण वर दिसत असते, पण विनंती जाते मोबाइल कंपनीच्या जाळ्यात, जिथे १९२.१६८.१.५० कोणालाच माहीत नाही. स्थानिक साइटचा खरा उपयोग नेट नसतानाच, आणि नेमकी तेव्हाच ती ‘बंद’ दिसते. मोबाइल डेटा बंद करून पाहा. ‘या वायफायवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का’ असे विचारले तर होय म्हणा.

नेट गेल्यावर आणखी एक गोष्ट होते: साइट उघडते, पण आधी बराच वेळ कोरे पान. अनेक थीम अक्षरवळण गुगल फाँट्सवरून आणि काही स्क्रिप्ट बाहेरच्या सर्व्हरवरून मागवतात. पानाच्या डोक्यातली स्टाइलची फाइल येईपर्यंत ब्राउझर काहीच रंगवत नाही, आणि बाहेरून उत्तर येण्याची आशा सुटेपर्यंत वाट पाहतो. एफ१२च्या नेटवर्क टॅबमध्ये ही ओळ ‘पेंडिंग’ म्हणून लटकलेली दिसते. फाँट सर्व्हरवरच ठेवावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरवळणे करणाऱ्या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ दोन्ही मुक्त परवान्यावर आहेत. फाइली उतरवून थीमच्या फोल्डरात टाकल्या की बाहेर जायची गरजच नाही. वर्डप्रेसचे ॲडमिन पान नेटशिवाय रेंगाळते त्याचे कारणही तसेच, ते अपडेटची चौकशी करायला बाहेर जाते. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये ‘डब्ल्यूपी_एचटीटीपी_ब्लॉक_एक्स्टर्नल’ ही व्याख्या ‘ट्रू’ केली की ती चौकशी थांबते. अर्थात मग अपडेट हाताने करायचे ध्यानात ठेवावे लागते.

लोकलहोस्टवरच साइट नसेल तर झॅम्पचे कंट्रोल पॅनेल उघडावे. कित्येकदा अपाची आणि मायएसक्यूएल सुरूच केलेले नसतात. रात्री वीज गेली, सकाळी संगणक सुरू झाला, पण पॅनेलमध्ये ‘स्टार्ट’ कोण दाबणार? पॅनेल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून दोन्हींच्या डावीकडच्या लाल फुलीवर क्लिक केले की ते सेवा म्हणून बसतात आणि कोणी लॉगिन न करताही विंडोजबरोबर आपोआप सुरू होतात. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तोही चालू करावा. आणि पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’. दुपारच्या सुटीत रोज बंद पडणाऱ्या साइटचे गूढ याहून खोल नसते.

‘स्टार्ट’ दाबूनही अपाची लगेच बंद होत असेल तर पोर्ट ८० किंवा ४४३ दुसऱ्या कोणीतरी बळकावलेले असते. लोकलहोस्टवर आपल्या साइटऐवजी निळे ‘आयआयएस’चे (विंडोजच्या स्वतःच्या वेब सर्व्हरचे) स्वागतपान येणे ही त्याचीच खूण. पॅनेलवरचे ‘नेटस्टॅट’ बटण दाबले की कोणत्या पोर्टवर कोण बसले आहे याची यादी येते. ८० वर ‘सिस्टिम’, पीआयडी (प्रोग्रॅमचा क्रमांक) ४ असे दिसले तर सर्व्हिसेसमध्ये ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ थांबवून तिचा प्रकार ‘डिसेबल्ड’ करावा. अपाचीलाच ८०८० वर हलवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो शक्यतो टाळावा. तसे केले तर प्रत्येकाला पत्त्यापुढे ‘:८०८०’ लिहावे लागते आणि वर्डप्रेसच्या त्या दोन ओळीही बदलाव्या लागतात, म्हणजे अर्धवट पानाचे दुखणे नव्याने विकत घेतले. पोर्ट मोकळे असूनही अपाची उठत नसेल तर अपाचीच्या ‘बिन’ फोल्डरात जाऊन ‘एचटीटीपीडी -टी’ द्यावे. कॉन्फिग फाइलमध्ये चूक असेल तर ती कितव्या ओळीत आहे ते तो सांगतो.

‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ आणि पॅनेलवर ‘मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली’ हा प्रसंग मात्र जपून हाताळायचा आहे, कारण माहिती प्रत्यक्ष जाते ती इथे, आणि बहुधा विजेमुळे नव्हे, दुरुस्तीमुळे. पहिली गोष्ट: झॅम्पच्या ‘मायएसक्यूएल’ फोल्डरातले ‘डेटा’ हे पूर्ण फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. ही प्रत झाल्याशिवाय पुढचे काहीही नको. मग त्याच फोल्डरातल्या ‘मायएसक्यूएल_एरर.लॉग’च्या शेवटच्या ओळी वाचा. ३३०६ पोर्ट व्यापलेले असेल तर माहितीला धक्का नाही, दुसरा कुठला तरी मायएसक्यूएल चालू आहे, तो थांबवा. ‘आरिया रिकव्हरी फेल्ड’ (आरिया हा तक्ते साठवण्याचा एक प्रकार) असेल तर काय करायचे ते लॉग स्वतःच सांगतो: आरिया लॉगच्या फाइली काढायच्या आणि तक्ते दुरुस्त करून घ्यायचे.

तरीही सुरू होत नसेल तर शेवटचा उपाय असा. ‘डेटा’ फोल्डरचे नाव बदलून ‘डेटा_जुना’ करावे. शेजारच्या ‘बॅकअप’ फोल्डरची प्रत करून तिला ‘डेटा’ नाव द्यावे. जुन्यातून फक्त आपल्या साइटच्या डेटाबेसचे फोल्डर आणि ‘आयबीडेटा१’ ही फाइल नव्यात आणावी. ‘मायएसक्यूएल’, ‘परफॉर्मन्स_स्कीमा’, ‘पीएचपीमायॲडमिन’ ही जुनी फोल्डरे आणू नयेत. व्हिडिओ पाहून ‘आयबीडेटा१ डिलीट करा’ हे ऐकणाऱ्यांनी इथे थांबावे. तक्त्यांच्या फाइली वेगळ्या असल्या तरी त्यांची सूची या फाइलीत असते. ती गेली की तक्त्यांची नावे दिसतात पण उघडताना ‘डझन्ट एक्झिस्ट इन इंजिन’ येते. सुरू झाल्यावर लगेच एसक्यूएल स्वरूपात निर्यात करून घ्यावी आणि तीच नव्याने बसवलेल्या झॅम्पमध्ये आयात करावी. ठिगळ लावलेल्या डेटावर रोजचे काम चालवू नये. आणखी एक: या उपायाने डेटाबेसचे वापरकर्तेही मूळ स्थितीत जातात. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये वेगळे नाव आणि पासवर्ड असेल तर सगळे नीट होऊनही तोच ‘डेटाबेस कनेक्शन’चा संदेश येतो. तो वापरकर्ता पीएचपीमायॲडमिनमध्ये पुन्हा तयार करावा लागतो.

मराठी साइटचे एक खास दुखणे आहे. आयात केल्यावर मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात किंवा परकी चिन्हांची खिचडी दिसते. दोन्हींत फार फरक आहे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. ते बाइट शाबूत आहेत पण चुकीच्या संचाने वाचले जात आहेत, तेव्हा एकेका अक्षराजागी तीन-तीन रोमन वळणाची चिन्हे दिसतात. हे बहुधा परत आणता येते, वाचणारी जोडणी ‘यूटीएफ८एमबी४’वर आणायची. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील तर मूळ अक्षर गेले, जुन्या प्रतीशिवाय इलाज नाही. याचा एक उगम ध्यानात येत नाही तो म्हणजे पॉवरशेल, विंडोजची कमांड देण्याची दुसरी खिडकी. तिथे ‘मायएसक्यूएलडंप’ या बॅकअप घेणाऱ्या कमांडचे आउटपुट ‘>’ चिन्हाने फाइलीत वळवले तर विंडोजचे पॉवरशेल वाटेत अक्षरांचा संच बदलते आणि बॅकअप घेतल्याच्या समाधानात आपण खराब फाइल जपून ठेवतो. त्याऐवजी डंपचाच ‘--रिझल्ट-फाइल’ हा पर्याय वापरावा.

मुखपृष्ठ येते आणि आतली सगळी पाने ४०४ देतात, तर आतल्या पानांचे पत्ते जुळवणारी ‘डॉट एचटीॲक्सेस’ फाइल कॉपी करताना मागे राहिली आहे किंवा साइटच्या फोल्डरचे नाव बदलले आहे. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधल्या ‘पर्मालिंक्स’ पानावर काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबले की ती पुन्हा लिहिली जाते. साइट विंडोजवरून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा लिनक्सवर नेली आणि काही चित्रे गेली, तर लहान-मोठ्या लिपीचा फरक पाहा, लिनक्सला ‘फोटो.जेपीजी’ मोठ्या आणि लहान अक्षरांत दोन वेगळ्या फाइली वाटतात. पान वाचता येते पण नवीन काही जतन होत नाही, तेव्हा सी ड्राइव्ह भरला आहे का ते आधी पाहावे. अपाचीचे लॉग वर्षानुवर्षे फुगत राहतात, झॅम्प ते आपणहून छाटत नाही. आणि जुन्या डेस्कटॉपची तारीख रोज मागे जात असेल तर मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की एचटीटीपीएसची प्रमाणपत्रे अमान्य ठरतात आणि अपडेट अडतात.

ही साइट घरबसल्या सभासदांनाही दिसावी म्हणून राऊटरमधून पोर्ट बाहेर उघडण्याचा मोह होतो. झॅम्पमध्ये डेटाबेसच्या ‘रूट’ वापरकर्त्याला मुळात पासवर्डच नसतो, आणि हे पॅकेज विकासकांच्या सरावासाठी आहे असे त्याचे कर्तेच सांगतात. बाहेर दाखवायचे असेल तर होस्टिंग घ्या.

आता मागणी. संस्था संगणक देखभालीचे वार्षिक करार करतात, त्यांत माउस, कीबोर्ड, प्रिंटरच्या काट्रिजपर्यंत सगळ्याचा उल्लेख असतो, माहितीचा नसतो. करारात दोन कलमे घालावीत. एक, फॉरमॅट किंवा झॅम्प पुन्हा बसवण्याआधी ‘एचटीडॉक्स’ (साइटच्या फाइली) आणि ‘डेटा’ (डेटाबेस) ही झॅम्पमधली दोन फोल्डरे आणि शक्य असल्यास एसक्यूएल निर्यात वेगळ्या डिस्कवर घेतली आहे, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली आहे, असे तंत्रज्ञाने लेखी द्यावे आणि त्यावर ग्रंथपाल, मुख्याध्यापक किंवा सचिवाने सही करावी. दोन, साइट बंद असल्याच्या प्रत्येक तक्रारीवर लोकलहोस्ट, आकडी पत्ता आणि मोबाइल या तिन्ही ठिकाणी काय दिसले ते देखभाल वहीत लिहावे, आणि त्या दिवशीचा ‘आयपीकॉन्फिग’चा आकडाही.

आपला,
संस्थांचे संगणक सांभाळणारा एक वाचक
सातारा